पिवळी रेघ

सिव्हिलच्या भिंतींवरची अक्षरं माझी.
म्हणजे होती.
पहिला बोर्ड 'बाह्यरुग्ण विभाग'.
त्यातला 'ह्य' फुटला, 'बाहय' झालं.
मोठे साहेब म्हणाले, राहू द्या खैरनार,
इथे येणारा माणूस शुद्धलेखन बघायला येत नाही.
बावीस वर्षं राहिलं.

तेव्हा सगळा दवाखाना दोन बाणांत मावायचा.
डावीकडे ताप, उजवीकडे हाडं,
आणि मागे, बाण नसलेली एक खोली.
तिचं नाव बारीक लिहा, म्हणाले.
बारीकच लिहिलं.
तिथे ज्यांना जायचं
त्यांना कुणीतरी नेतंच.

मग बाण वाढत गेले.
क्षयरोग. सर्पदंश. नवजात शिशू.
'सोनोग्राफी'वर अर्धा दिवस गेला,
शब्द लांब, भिंत आखूड.
'डायलिसिस' लिहिताना विचारलं, हे काय असतं?
पाळदे सिस्टर म्हणाल्या, रक्ताची धुलाई,
आणि चहाचा कप माझ्या शिडीच्या पायरीवर ठेवून गेल्या.
सिंहस्थ जवळ आला की सगळ्यालाच रंग,
एखादा मजला चढायचा.
साधू परत जायचे, मजला राहायचा,
आणि त्याच्यावर काय लिहायचं हे
फाइलीत अडकायचं.

पेठहून यायचे, सुरगाण्याहून,
जीपमध्ये पाय दुमडून,
चावलेला साप पिशवीत घेऊन, डॉक्टरला दाखवायला.
दिंडोरीचा पोरगा, फवारणीचं औषध डोळ्यांत उडालेला.
नांदगावची एक बाई पोलिसांबरोबर,
तीन दिवस नाव सांगितलं नाही तिनं.
आणि खासगीतून निघालेले,
'आता तिकडेच न्या' असं सांगून काढलेले.
त्या 'तिकडे'चा बोर्ड मात्र
मला कुणी कधी लिहायला सांगितला नाही.

एकदा शिडीवर होतो.
खाली हरसूलकडची म्हातारी,
सोबत सून, भिंतीला धरून.
म्हातारीनं माझ्या ओल्या अक्षरांकडे बघितलं,
फूटभर उंच, 'प्रसूती कक्ष',
वेलांटीला मी खास वळण दिलेलं,
आणि मलाच विचारलं,
दादा, बाळंतपणाचं कुठं?

मी ब्रशनं दाखवलं. ठिपके सांडले, पिवळे.
ती त्या ठिपक्यांवरून सुनेला घेऊन निघाली
आणि ठिपके संपले तिथे थांबली.

त्या रात्री कुणाला न विचारता
उरलेल्या डब्यातून फरशीवर रेघ ओढली,
मोठ्या दारापासून लेबर रूमच्या उंबऱ्यापर्यंत.
दुसऱ्या वळणावर आतून कुणी ओरडलं,
हात हलला, तिथे रेघ जाड आहे.
मेमो येईल वाटलं.
आले दोन डबे. लाल अपघाताला, निळा हाडांना.
बिल मात्र तिन्ही रेघांचं नाहीच निघालं,
'रेघ' हा प्रकार दरपत्रकात नव्हता.

पुढे टाइल्स आल्या. फ्लेक्स आले.
मला कुणी काढलं नाही,
बोलावणं आलं नाही, एवढंच.

आज मोतीबिंदूसाठी आलोय.
दारावर लाल दिव्यांची अक्षरं पळतात,
धरायला जावं तर पुढची येतात.
शेजारच्या पोरीला विचारलं,
ताई, डोळ्यांचं कुठं?
मोबाईलमधून मान न काढता म्हणाली,
लिहिलंय की बाबा, वाचा ना.

हसू आलं. तिला नाही सांगितलं.

जिन्याखाली, जिथे टाइल पुरली नाही,
तिथे हातभर पिवळं दिसलं,
जाड झालेल्या वळणाचं.
त्यावर एक बादली.
वाकून बादली सरकवली,
बोटांनी चाचपलं, माझंच होतं,
पुढे नव्या भिंतीत शिरत होतं.

मागून वॉर्डातले मामा ओरडले,
ओ बाबा, बादली ठेवा जागेवर,
वरून गळतंय.